परवानगी न घेता

कायदा म्हणजे मेलेल्या माणसांनी जिवंत माणसांच्या नावे लिहून ठेवलेलं पत्र, असं आयर्लंडमधल्या एनिस गावचे आमचे घरमालक म्हणत. हे वाक्य ते हनुवटी वर करून, शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबून म्हणत, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर वाटे की आता आपल्या हातून काहीतरी थोर घडणार आहे. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विषय कचऱ्याच्या डब्याचा होता. तपकिरी डबा भिंतीच्या डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, एवढंच मी विचारलं होतं. उत्तराला पस्तीस मिनिटं लागली. त्यात एक दुष्काळ आणि दोन बंडं येऊन गेली, आणि शेवटी डबा मी होता तिथेच ठेवला.

ते वकील नव्हते. गावातल्या एका वकिलाच्या कचेरीत चाळीस वर्षं कारकून होते. जुने दस्त शोधायचे, नकाशे ताडून बघायचे, कुणाच्या आजोबांनी कुणाला काय लिहून दिलं ते कपाटातून काढायचं, हे त्यांचं काम. वकील कोर्टात बोलतात आणि कारकून बरोबर असतात, अशी त्यांनी या दोन व्यवसायांची विभागणी केली होती. गवत कापतानाही ते टाय लावत. त्यांची एकमेकांना चिकटलेली दोन घरं होती. डावीकडच्या घरात ते एकटे राहत आणि उजवीकडचं आम्हाला भाड्याने दिलं होतं. नवरा रोज शॅननला नोकरीवर जाई. मी घरून काम करत असे, त्यामुळे व्याख्यानं माझ्या वाट्याला आली.

भाडेकरार त्यांनी स्वतः टाइप केला होता. चौदा पानं. नवव्या कलमात असं होतं की भाडेकरूने जिन्यावर बदकं पाळू नयेत. मी म्हटलं, आम्ही नाही पाळणार, हे काढून टाकू या. ते दुखावले.

"कुणीतरी पाळली होती म्हणून ते आलं," ते म्हणाले. "प्रत्येक कलमाखाली एक मूर्ख पुरलेला असतो. कलम काढलंत की तो वर येतो."

पुण्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये 'येथे नारळ फोडू नये' अशी पाटी आहे. सात वर्षं मी ती वाचत वरखाली केली. ती कुणाची तरी समाधी आहे हे मला एनिसला गेल्यावर कळलं.

त्यांचं ज्ञान पुस्तकी होतं असं मात्र नाही. ते त्यातच राहत. परसात त्यांच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या. पहिल्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मधाची एक बाटली आमच्या दारात आणून ठेवली. इंग्रज येण्याआधी या बेटावर जो जुना कायदा चाले, त्यात मधमाश्यांवर म्हणे एक अख्खं प्रकरण होतं. माश्या शेजाऱ्याच्या फुलांवर बसतात, म्हणून मधात शेजाऱ्याचा हिस्सा. आणि मी कुंड्यांत झेंडू लावले होते.

"थँक यू," मी म्हणाले. "खरंच, कशाला एवढा त्रास घेतलात?"

त्यांनी बाटली माझ्या हातातून परत घेतली.

"तुम्ही आभार मानलेत तर ही भेट होते," ते म्हणाले. "ही भेट नाही. हा तुमचा हिस्सा आहे. पुन्हा घ्या, या वेळी काही न बोलता."

मी काही न बोलता घेतली. ते समाधानाने मान हलवून गेले. आपल्याकडेही घरच्या माणसाचे आभार मानले तर तो रागावतो, पण त्यामागे प्रेम असतं अशी माझी समजूत होती. इथे कायदा होता.

आता त्या वाटेविषयी सांगायला हवं. दोन्ही घरांच्या मागे एक शेत होतं, म्हणजे नुसतं गवत, आणि शेतापलीकडे जुनी दफनभूमी. त्यांची बायको तिथे होती. परसाच्या फाटकातून शेत तिरकं ओलांडलं की सात मिनिटांत माणूस पोचे. मोठ्या रस्त्याने गेलं तर वळसा घालून चाळीस मिनिटं, आणि त्या रस्त्याला फुटपाथ नाही, आहेत ते ट्रॅक्टर आणि घाईत असलेली माणसं. ते ऐंशीला टेकलेले. मोतीबिंदूमुळे गाडी चालवणं केव्हाच सुटलं होतं.

रोज सकाळी स्थानिक रेडिओवर मृत्यूच्या बातम्या वाचतात. कोण गेलं, कुठल्या गावचं, दर्शन कुठे, प्रार्थना किती वाजता. आमच्या क्लेअर परगण्यात हा कार्यक्रम हवामानापेक्षा जास्त गंभीरपणे ऐकला जातो. आमचे घरमालक त्यातली ओळखीची नावं एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर टिपून घेत आणि अकरा वाजता मिटलेली छत्री काठीसारखी टेकत बायकोला ती वाचून दाखवायला जात.

"तिला उत्सुकता असते," एवढंच ते म्हणत.

छत्री ठीक आहे. पण अंगात ते रस्ता खणणाऱ्या कामगाराचं पिवळंधमक, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालत. आत टाय, बाहेर ते. आणि शेतमालकाच्या खिडकीसमोर आले की मोठ्याने खोकत. तीनदा. मला वाटलं छाती बिघडली असेल, म्हणून मी आल्याचा काढा नेऊन दिला. तेव्हा मला वीस वर्षांची गोष्ट कळली.

दुसऱ्याच्या जमिनीवरून तुम्ही वीस वर्षं अखंड चालत राहिलात, तर ती वाट तुमच्या हक्काची होते. मूळ कायदा याहून कडक होता. त्यात ही वाट अनादि काळापासून वापरात आहे असं सिद्ध करावं लागे, आणि अनादि काळ अकराशे एकोणनव्वद साली संपला असं इंग्रजांनी एकदा ठरवून टाकलं. त्या वर्षी त्यांचा कुणी एक राजा गादीवर बसला. त्याने आयर्लंडमध्ये आयुष्यात पाऊल ठेवलं नाही, पण आयर्लंडमधल्या पायवाटांचं वय त्याच्यापासून मोजायचं.

"मग एवढं जुनं कुणाला सिद्ध करता येणार?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. म्हणून न्यायाधीशांनी एक युक्ती काढली. वीस वर्षं चालला आहात ना, मग पूर्वी कधीतरी कुणीतरी तुम्हाला रीतसर कागद करून दिला असणार आणि तो हरवला असणार, असं आम्ही धरून चालतो. कागद नव्हता हे न्यायाधीशाला माहीत असतं. वकिलांना माहीत असतं. पट्टेवाल्यालासुद्धा माहीत असतं. तरी सगळे उभे राहून त्या हरवलेल्या कागदाला मान देतात." ते प्रसन्न हसले. "याला म्हणतात कायद्याचा विकास. तुमच्याकडे किती वर्षं?"

मी कराडजवळच्या गावची. बांधावरच्या वहिवाटीची भांडणं ऐकत मोठी झालेली. "वीसच," मी म्हणाले.

त्यांनी टोपी काढली. "म्हणजे एकाच घरमालकाचे जुने भाडेकरू आपण."

पुढे त्यांनी अटी सांगायला घेतल्या. वापर जबरदस्तीने झालेला नसावा, म्हणून शेताचं फाटक कधी बंद केलेलं दिसलं तर ते त्याला हात न लावता परत येत. वापर लपूनछपून नसावा, म्हणून ते जाकीट आणि तो खोकला. तिसरी अट ते सांगत होते तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले. परत आले तोवर ते तारखांवर पोचले होते. बायको मार्चमध्ये गेली होती. येत्या मार्चमध्ये वीस पुरी होणार होती.

"एकोणीस वर्षं सात महिने झाले," ते म्हणाले. ऑक्टोबर चालू होता.

शेताचा मूळ मालक त्यांचा शाळेतला वर्गमित्र. गावात दुकानासमोर भेटले की दोघं हर्लिंग या तिथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या सामन्यांवर तासभर बोलत. पण वाटेवर समोरासमोर आले तर आमचे मालक आभाळाकडे बघत निघून जात आणि वर्गमित्र गवताकडे बघत उभा राही. हे मी स्वतः पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ मला लागला नव्हता. त्या उन्हाळ्यात वर्गमित्र वारला. शेत आणि घर त्याच्या पुतण्याला मिळालं. चाळिशीचा, ऑस्ट्रेलियात बरीच वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम करून परतलेला. आमचे मालक त्याला नावाने ओळखत असूनही 'युअर मॅन' म्हणत. आपल्याकडे नको असलेल्या जावयाला 'ते गृहस्थ' म्हणतात, तसं. पुतण्या वाटेवर दिसला की ते आता पाठ फिरवून उभे राहत.

अशा वेळी माझी आई तीन महिन्यांसाठी आली.

आईला इंग्रजी येत नाही आणि त्यामुळे तिचं कुठे अडत नाही. तिसऱ्या दिवसापासून ती घरमालकांच्या मागे चार पावलं ठेवून त्या वाटेने फिरायला जाऊ लागली. ते तिला 'मॅमी' म्हणत, ती त्यांना 'मालक'. ते पुढे कायद्याच्या इतिहासावर बोलत, ती मागे सुनांच्या वागण्यावर. दोघांचं छान जमलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "आगं, रोज त्या पोराच्या रानातनं जातोय आपण. सणाचं त्याला काय द्याया नगं?"

"देऊ की."

"नुसतं न्हाई. दोन शब्द लिवून दे. रानातली वाट पायजेल तर आधी मानूस राखावा लागतो. आमच्या शेजारच्यांनी न्हाई राखला, तर तीन पिढ्या कोर्टात गेल्या."

बेसन भाजताना धुराचा अलार्म दोनदा वाजला. लाडू मात्र उत्तम झाले. आईने मराठीत सांगितलं, "तुमच्या रानातनं जातोय, राग मानू नका." मी त्याचं इंग्रजी केलं. नुसतं तेवढं इंग्रजीत फार उघडं वाटेना, म्हणून जरा सजवलं: 'आपल्या शेतातून जाण्यायेण्याची जी उदार परवानगी आपण आम्हाला आणि आमच्या घरमालकांना दिली आहे, तिच्याबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत.' अशी परवानगी त्याने कुणाला दिलेली नव्हती. पण वाक्य डौलदार झालं होतं. मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ग्रँड."

पुतण्या चांगल्या घरचा होता. त्याने दुसऱ्याच दिवशी उत्तराची दोन कार्डं लिहिली. एक आमच्या दारात टाकलं आणि एक शेजारी.

घरमालक ते कार्ड दोन बोटांत धरून आमच्या स्वयंपाकघरात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांनी वाचून दाखवलं: "'आजोबा, तुम्ही या वाटेने अगदी खुशाल जा. माझी पूर्ण परवानगी आहे. शेजारच्या मंडळींनाही माझ्याकडून तसं सांगा.'"

"किती छान लिहिलंय," मी म्हणाले.

"तिसरी अट काय होती?" त्यांनी विचारलं.

मी कुकरकडे पाहिलं.

"वापर परवानगीने झालेला नसावा," ते म्हणाले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी टायची गाठ सैल केली, आणि ती मी त्याआधी कधी सैल पाहिली नव्हती.

"पण पत्र आम्ही लिहिलं. तुम्ही कुठे लिहिलंत?"

"तुम्ही माझे भाडेकरू. कायद्याने तुमची पावलं ती माझी पावलं. मग तुमचे आभारही माझेच. शिवाय आता त्याने मला लेखी परवानगी दिली आहे. ती मी आता कशी विसरू?"

आई प्रेसमधून, म्हणजे तिथे ज्याला प्रेस म्हणतात त्या कपाटातून, त्यांच्यासाठी लाडू काढत होती. तिने विचारलं, "काय झालं? मालकाला गोड चालत न्हाई का?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मंजी न विचारता गेलं तर हक्क, आन् विचारून गेलं तर न्हाई?"

"हो."

"चोराचा कायदा हाय ह्यो."

मी ते भीत भीत इंग्रजीत सांगितलं. घरमालक प्रथमच खुर्चीवर बसले.

"मॅमीला सांगा, की माझे पणजोबा जमीनदाराच्या परवानगीने राहत होते. माणूस चांगला होता. नाताळाला घरोघर घोंगड्या वाटायचा. माझे पणजोबा दर वर्षी टोपी काढून त्याचे आभार मानायचे. मग तो वारला. मुलगा गादीवर आला, त्याला मेंढ्यांसाठी कुरण हवं होतं. पणजोबा घराबाहेर. कोर्टात जाऊन काय सांगणार? की आम्ही इतकी वर्षं आभार मानत होतो?" त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "हा मुलगाही चांगला आहे, मला दिसतं ते. पण तो उद्या शेत विकेल, आणि चांगुलपणा विकत घेणाऱ्याला मिळत नाही. मी ऐंशीचा आहे. रोज कुणाच्या मर्जीने माझ्या बायकोकडे जायचं नाही मला."

आईला भाषांतर करून सांगितलं. तिने लाडवाची ताटली त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी लाडू खाल्ला. आभार मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते पुढच्या दाराने निघाले, मोठ्या रस्त्याने. परवानगी मिळालेल्या वाटेवर पाऊल ठेवणं म्हणजे ती स्वीकारणं, आणि ते त्यांना करायचं नव्हतं. नोव्हेंबरचा आडवा पाऊस, बाजूने चिखल उडवत जाणाऱ्या गाड्या, आणि कडेच्या झुडपांना चिकटून चाललेलं ते पिवळं जाकीट. मी गाडी काढून मागे गेले. ते बसले, पण दुसऱ्या दिवशी मी कामात असताना निघून गेले. तिसऱ्या दिवशी एका ट्रॅक्टरने त्यांची छत्री मोडली.

आई खिडकीशी उभी होती. "म्हातारा मरंल गं," ती म्हणाली. "आन् पाप माझ्या लाडवाला लागंल. जा त्या पोराकडं."

पुतण्या भिंतीत विजेची नवी बटणं बसवत होता. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचला आणि म्हणाला, "मग मी परवानगी परत घेतो."

"तुम्ही नाही म्हणालात आणि तरी ते चालत राहिले, तर ती जबरदस्ती होते."

"मग राहू दे परवानगी."

"मग ती मेहेरबानी."

"मग मी करायला काय हवं होतं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "मार्चपर्यंत."

तो एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाला, "माझ्या काकाने बरोबर तेच केलं की. मी सुट्टीला यायचो तेव्हा बघायचो. तुमचे आजोबा अकराला खोकले की काका खिडकीतून मागे सरायचा. मी एकदा विचारलं, का रे, भांडलात का? तर म्हणाला, गप्प बस, पंधरा झाली त्याची, अजून पाच वर्षं मला त्याला गुड मॉर्निंग म्हणता येणार नाही." त्याने हातातलं बटण खाली ठेवलं. "वीस वर्षं मोजत होता तो. मला वाटायचं वेड लागलंय."

मग तो म्हणाला की रीतसर दस्तच करून टाकू, नाहीतरी वारसाचे कागद करायला तो वकिलाकडे जाणारच आहे.

मला वाटलं प्रश्न सुटला. घरमालकांनी तीन दिवस विचार केला आणि आले. "दानपत्र घेणार नाही," ते म्हणाले. "सौदा असेल तर बघू. मी त्याला काय देऊ शकतो?" आणि मग जरा आठवल्यासारखं करून: "त्याच्या घराचा पाण्याचा पाइप माझ्या परसातून जातो. छत्तीस वर्षं झाली."

"तुम्ही त्याच्या काकांना कधी काही म्हणाला नाहीत?"

"नाही," ते म्हणाले. "म्हटलं असतं, तर त्याला माझी परवानगी मागावी लागली असती."

असा सौदा ठरला: याची वाट, त्याचा पाइप. मसुदा आमच्या मालकांनी केला. अकरा पानं, त्यातली पहिली चार इतिहास. पुतण्याची वकील तिशीची मुलगी होती. तिने इतिहास काढला, पुनरुक्ती काढली, लॅटिन काढलं, आणि दीड पान उरलं. ते निमूट बसून राहिले. चाळीस वर्षं त्यांनी वकिलांना हे करताना पाहिलं होतं. फक्त एका कलमावर ते अडले. तिने 'जाण्यायेण्याचा हक्क' एवढंच ठेवलं होतं. त्यांनी 'फक्त पायी' हे शब्द परत घालायला लावले. पूर्वी एका दस्तात त्यांच्या कचेरीने ते घातले नव्हते आणि दहा वर्षांनी तिथून खडीचे ट्रक जाऊ लागले होते.

"फक्त पायी," ते टेबलावर बोट आपटून म्हणाले. "सदैव, आणि माझ्यासकट सर्वांना लागू."

सह्या आमच्या स्वयंपाकघरात झाल्या. साक्षीदार म्हणून आईनेही सही केली, मराठीत, पूर्ण नाव, गाव आणि तालुक्यासह. वकील मुलीने विचारलं, हे काय लिहिलंय? घरमालक म्हणाले, "तिचा पत्ता. तिच्या भागात लोकांना जागा नीट सांगायची सवय आहे."

सगळे गेल्यावर मी त्यांना त्यांच्या वर्गमित्राचं सांगितलं. तो खिडकीतून मागे सरायचा ते, वर्षं मोजायचा ते. आतापर्यंत सांगितलं नव्हतं, कारण त्याने कायदेशीर काही बिघडेल की काय ही धास्ती होती. तीन अटींनंतर चौथी असायची एखादी.

ते उठून शेताकडच्या खिडकीशी गेले.

"मनातली परवानगी कायद्याला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आणि तुम्ही सांगताय ती ऐकीव माहिती. पुरावा म्हणून चालणार नाही." मग त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, घडी केली, पुन्हा उघडून पुन्हा शिंकरलं. "वर्गात तो गणितात कच्चा होता," ते म्हणाले. "पंधरा बरोबर मोजली म्हणजे कमालच."

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा त्या वाटेने जाऊ लागले. जाकीट नाही, खोकला नाही. पुतण्या दिसला की ते टोपीला हात लावून "गुड मॉर्निंग" म्हणत, आणि तो अर्धं शेत ओलांडून येऊन म्हणे, आज काय बातमी? मग ते पाकीट काढून त्यालाही नावं वाचून दाखवत. ती भेट हळूहळू लांबत गेली. सात मिनिटांच्या वाटेला त्यांना तासभर लागू लागला. आई परत गेली तेव्हा ते तिला दोन बाटल्या मध घेऊन निरोप द्यायला आले. तिने मला विचारून घेतलं होतं, त्यामुळे तीही काही बोलली नाही. दोघं नुसती एकमेकांकडे बघून मान हलवत राहिली. शॅननच्या विमानतळावर आईला निरोप देताना तसं गप्प राहणं मला जरा अवघड गेलं.

पुढच्या वर्षी आम्ही गॉलवेला आलो. घर सोडताना मी भाडेकराराची माझी प्रत ठेवून घेतली. अशा गोष्टी आता कुणी लिहीत नाही, नवा घरमालक सगळं ईमेलवर विचारतो आणि शेवटी हसरा चेहरा टाकतो. सुट्टीच्या दिवशी कधी एनिसला चक्कर होई. दर वेळी ते मला नव्या सरकारने केलेल्या एखाद्या नव्या कायद्याविषयी सांगत आणि तो किती जुना आहे हे पटवून देत.

परवाच्या फेब्रुवारीत ते गेले. रेडिओवर त्यांचं नाव वाचलं तेव्हा पुतण्याने फोन केला. आम्ही पोचलो तर घरासमोर अर्धं गाव उभं होतं. चर्चमधली प्रार्थना झाली, शवपेटी घरापाशी आणली, कारण शेवटचा टप्पा खांद्यावर न्यायचा असं अंत्यविधीसाठी आलेल्या त्यांच्या भावाच्या मुलीने आणि शेतवाल्या पुतण्याने मिळून ठरवलं होतं. परसाच्या फाटकातून, शेतातून, सात मिनिटं. सहा जण पुढे झाले. पाऊस नव्हता. तेवढ्यात गर्दीतून ती वकील मुलगी हळूच म्हणाली की दस्तात 'फक्त पायी' असं आहे.

पेटी फाटकापाशी थांबली. वाहणारे सहा जण पायी होते हे खरं. ते स्वतः नव्हते.

"अहो, माझी परवानगी आहे!" पुतण्या म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या भावाच्या मुलीने हळूच मान हलवली, नाही अशी. पेटी पुन्हा शववाहिकेत ठेवली.

मोठ्या रस्त्याने चार मिनिटं लागली.